दोन हजार पंधरापासून पुढचं

झेनेबेचनं बटण दाबलं, खांद्यावरची पांढरी नेतेला शाल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकायला म्हणून वळली, आणि पुन्हा तोंड फिरवून बघते तो काय, लॅपटॉप उघडून तयार. निळा पडदा, त्यावर फायली रांगेत, कोपऱ्यात घड्याळ. ना घरघर, ना टकटक. अगं बाई, असं तोंडातून निघालं आणि तिनं हातच मागे घेतला. मग हळूच तळवा यंत्राच्या पोटाखाली घातला. गार. आतलं कायसं फिरत असायचं, तळव्याला बारीक कंप जाणवायचा, तो नव्हता. मेलंय की काय, असं क्षणभर वाटलं, आणि त्याच वेळी पडद्यावरचा बाण तिच्या बोटासरशी इकडून तिकडे पळाला. दुरुस्तीवाला गेताहुन म्हणाला होता, ताई, आता बघाच तुम्ही, शिंक यायच्या आत चालू होईल. त्याची चेष्टा समजून ती हसली होती. आता सोमवारी सकाळी, पत्र्याच्या टपरीत एकटी बसून, तिला हसू येईना. पाच मिनिटं कुठं गेली? रोजची तिची पाच मिनिटं होती ती. बटण दाबायचं, यंत्र कण्हायला लागायचं, समोरची कॉफीवाली बिझुनेश मातीच्या किटलीतून पहिली कॉफी ओतून आणून द्यायची, आणि कप रिकामा होईतो यंत्र उघडायचं. एवढ्या वेळात गिऱ्हाईकसुद्धा बोलत नसे. काच ठोठावली तर ती नुसतं यंत्राकडे बोट दाखवायची, की बाबा, उठतंय अजून. बारा वर्षं हा नेम. आता बिझुनेश कप घेऊन रस्ता ओलांडतच होती आणि यंत्र 'सांगा, काय काम आहे' म्हणून पुढ्यात उभं. झेनेबेचला उगाचच कुणीतरी दारात पकडल्यासारखं झालं.

"काय गं, भूत बघितलंस का?" बिझुनेशनं कप ठेवला. "तोंड बघ कसं झालंय."

"लगेच उघडलं गं हे."

"मग बरंय की! त्यासाठीच दिलं होतंस ना दुरुस्तीला? सहा महिने माझं डोकं खाल्लंस, मरतंय मरतंय म्हणून. आता जगलंय तर सुतकी तोंड करून बसलीयेस. तुझं म्हणजे ना, धड रडणं नाही, धड हसणं नाही."

ती गेली. लागेल असं बोलायची बिझुनेशला सवयच होती, आणि बहुतेक वेळा ते लागायचंही. झेनेबेचनं कप उचलला. त्या पाच मिनिटांत आपण काय करत होतो, हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच काही. यंत्र कण्हत असताना ती रोज ठरवायची, की आज ऐकायचं. आज उघडलं की आधी २००८चा फोल्डर, त्यातला धाकट्या मुलूचा, त्यातली आवाजाची शेवटची फाईल. चार मिनिटं अकरा सेकंद. ऐकून टाकायचं एकदाचं, मग काय व्हायचं ते होवो. कॉफी संपत यायची, यंत्र उघडायचं, तेवढ्यात काचेबाहेर कुणीतरी जन्माचा दाखला नाचवत उभा राहायचा आणि ती सुटायची. सुटायची म्हणजे खरंच सुटायची, छातीवरचा दगड उतरल्यासारखी. उद्या ऐकू. नऊ वर्षं हे असं चाललं होतं. आज यंत्रानं सबबच काढून घेतली. कप भरलेला, रस्ता रिकामा, काचेबाहेर कुणी नाही. बरं तर, म्हणत तिनं बोट पुढे केलं. तिचे वर्षांचे फोल्डर उघडले. २०१५. २०१६. २०१७. तीनच.

तिनं पडदा वर सरकवला, खाली सरकवला. बाकीचे खाली असतील, दुसऱ्या कोपऱ्यात असतील. गेताहुननं नीटनेटकं करायच्या नादात कुठं ठेवले असतील, त्याला नसती हौस. शोधायच्या चौकटीत तिनं 'मुलू' लिहिलं. हे नाव तिनं कितीतरी दिवसांत लिहिलंच नव्हतं. यंत्रानं पापणी लवायच्या आत उत्तर दिलं. काहीही सापडलं नाही. जुनं यंत्र निदान शोधायचं तरी, दोन-दोन मिनिटं घासत बसायचं, तेवढी आशा असायची. याला नाही म्हणायला लाजसुद्धा वाटली नाही. कॉफीचा कप तिनं खाली ठेवला तो बशीबाहेर, टेबलावर, कागदावर.

गेताहुननं तिसऱ्या घंटीला फोन उचलला.

"बोला ताई! काय, पळतंय की नाही घोडं?"

"गेताहुन, माझी बाकीची वर्षं कुठायत?"

"बाकीची म्हणजे?"

"तीनच दिसतायत इथं. पंधरा, सोळा, सतरा."

"मग तेवढंच सांगितलं होतंत की. शनिवारी दुपारी मी फोन केला नव्हता का? म्हटलं ताई, नवी डिस्क लहान आहे, जुनीतलं सगळं मावायचं नाही, आणि जुनी मधेच मान टाकतेय. कुठपासून घेऊ? तुम्ही म्हणालात, दोन हजार पंधरापासून पुढचं."

"मी? मी असं म्हणाले?"

"आता मी कशाला माझ्या मनचं घालू?"

"दहा वर्षांचं घे म्हणाले असेन मी. दहा वर्षांचं घ्यायचं ठरवलं होतं मी."

"दहा म्हणालात की बारा, ते मला नाही ऐकू आलं. पंधरापासून म्हणालात. मी लिहूनही ठेवलंय, थांबा, हे बघा, भिंतीवर. झेनेबेच ताई, २०१५पासून पुढे."

शक्यच नाही, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि तेवढ्यात काच वाजली. बाहेर सूटबूट घातलेला, घामेजलेला एक म्हातारा, हातात लग्नाचा दाखला. सवयीनं तिनं फोन खांद्यात धरला, काच सरकवली, कागद घेतला. म्हाताऱ्याचं लग्न २००७च्या मियाझिया महिन्यात लागलेलं, दुसरं लग्न असणार. तिच्या हातानं, तिला न विचारता, समोरच्या कोऱ्या कागदावर आकडा लिहिला, २०१५. मग ती त्या आकड्याकडे बघत राहिली. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, हे तिला त्या घडीला कळलं, बसल्या खुर्चीत.

बावीस वर्षं ती हेच करत आली होती, परदेशी जाणाऱ्यांचे कागद इंग्रजीत, अरबीत उतरवून द्यायची. आपलं साल घ्यायचं, त्यात कधी सात, कधी आठ मिळवायचे आणि फिरंगी साल लिहायचं. परदेशी निघालेल्या माणसाला आपलं साल घेऊन जाता येत नाही. दाखल्यावर आपला महिना, आपला वार, आपली तेरा महिन्यांची मोजणी, आणि तिकडं वकिलातीच्या खिडकीत बसलेल्या साहेबाला त्यातलं ओ की ठो कळत नाही. म्हणून या गल्लीत पत्र्याच्या अकरा टपऱ्या, आणि अकरात झेनेबेचची पहिली. तिचा शिक्का बघितला की साहेब दुसऱ्यांदा कागद बघत नाही म्हणत. मेस्केरेमच्या, म्हणजे आपल्या वर्षाच्या पहिल्या महिन्याच्या, आधी किती, नंतर किती, लीप वर्षाला काय होतं, हे तिला झोपेतून उठवून विचारावं. शनिवारी दुपारी गेताहुनचा फोन आला तेव्हा तिच्यासमोर असाच कुणाचा तरी कागद होता, डोक्यात फिरंगी आकडे भरलेले. आपलं चालू साल २०१७, दहा वर्षांचं घे म्हणजे आपल्या २००७पासून, हे मनात आलं आणि जिभेवर येईतो आठ मिळवून बाहेर पडलं. फोल्डर मात्र तिनं आपल्या सालांनी लावलेले, फिरंगी सालाशी तिच्या घरात कुणाचा काय संबंध? गेताहुन बिचारा, त्यानं ऐकलं ते केलं. साध्या 'मुलूचा फोल्डर घे' या तीन शब्दांत काम झालं असतं. पण ते नाव गेताहुनसमोर घ्यायचं नव्हतं. म्हणून तर दहा वर्षांचा वळसा. दहा वर्षांत मुलू आपोआप येते, नाव न घेता, कुणाला न कळता, गर्दीत लपून. कसली हुशार मी, असं तिच्या मनात कडवटपणे आलं.

"ताई? आहात ना?" फोनमधून गेताहुन.

"जुनी डिस्क फेकलीस?"

"फेकतोय कुठं! लोक येतात परत, मला माहितीय. खणात आहे. पण ताई, तिची काही खात्री नाही हं. शनिवारीच दोनदा घरघर लागली होती तिला."

"तिला हात लावू नकोस. मी येते."

म्हातारा काचेबाहेर ओरडत राहिला, अहो बाई, माझा कागद, माझा कागद. तिनं कागद त्याच्या हातात दिला, शेजारच्या टपरीकडे बोट केलं, लॅपटॉप पिशवीत टाकला आणि कुलूप लावलं. बिझुनेशनं रस्त्यापलीकडून हाक मारली, ती तिनं ऐकली नाही.

मेगेनान्याकडे जाणाऱ्या निळ्या मिनीबसमध्ये तिला मधल्या बाकावर जागा मिळाली. एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला मांडीवर कोंबडी घेतलेली बाई. कोंबडीचे पाय बांधलेले, डोळा गोल, आणि तो सारखा झेनेबेचकडे. येकातित महिन्याचं ऊन काचेतून गुडघ्यावर पडलं होतं. नऊ वर्षांपूर्वी मुलू बैरूतला गेली ती तिर महिन्यात, तेव्हाही असंच ऊन होतं. सतरा वर्षांची पोर. आईच्या मागे झेनेबेचनंच वाढवलेली, बहीण कमी आणि लेक जास्त. भांड्यांशी बोलायची, आईसारखीच. थांब गं बाई, तुझी पाळी नंतर, असं तव्याला म्हणायची. खोटं बोलली की नाकातून हसायची, फुस्सकन, ते तिला आवरायचंच नाही, म्हणून कधी धड खोटं पचलं नाही तिचं. वर्गातल्या तीन मुली बैरूतला गेल्या, तेव्हापासून एकच धोशा. अक्का, मला पण. अक्का, दोन वर्षं फक्त. तिथं घरकामाला बाई हवी असते तिचं वय एकवीस लागतं, आणि मुलू सतरा. झेनेबेच नाही म्हणाली. पंधरा दिवस नाही म्हणाली. मग एका दुपारी मुलू टपरीत येऊन बसली, पाय हलवत, भाजलेले जव खात, आणि म्हणाली, अक्का, तुला खोटं काहीच लिहायचं नाहीये. माझं साल १९९१ आहे ना? मग १९९१च लिही. फक्त बदलू नकोस.

फक्त बदलू नकोस! केवढं सोपं. रोज शंभर लोकांसाठी जे करतेस ते एकदा करू नकोस. मेस्केरेम १९९१चं फिरंगी साल होतं १९९८. ते तिनं केलं नाही. महिन्याचं नाव तेवढं फिरंगी केलं, साल तसंच ठेवलं, आणि सतरा वर्षांची मुलू कागदावर चोवीसची झाली. शिक्का मारताना हात जराही कापला नाही, हे तिला आजही आठवत होतं आणि हेच तिला खात होतं. उलट हसू आलं होतं दोघींना. मुलू म्हणाली, बघ, आता तू मला ओरडू नकोस, मी मोठी बाई झालेय. एक दिवस, एका दुपारचं हसू. साहेबानं दुसऱ्यांदा बघितलंही नाही. झेनेबेचचा शिक्का होता ना.

बस वळली, कोंबडी पंख फडफडून तिच्या दंडावर आदळली. बाई म्हणाली, माफ करा हं, घाबरलीय ती. झेनेबेच म्हणाली, असू दे. सुरुवातीला मुलूचे निरोप यायचे, आवाजाचे, फोनवर. बावीस आले. समुद्र बघितला अक्का, सगळा खारट, कोण पिणार एवढा? शिरोच्या आमटीत लसूण आधी की मसाला आधी? मॅडमची लहान पोर मला मामा म्हणते, मामा म्हणजे आई हं, हसतेयस काय. हसणं, नुसतं हसणं असायचं त्यात. मग बाविसावा आला, त्यात हसणं नव्हतं. अक्का, मला परत बोलव. एवढंच, सात सेकंद. झेनेबेचनं उत्तर पाठवलं होतं. ते उत्तर तिला तोंडपाठ होतं, आपल्याच आवाजासकट, त्यातल्या शहाणपणाच्या सुरासकट. दोन वर्षांचा करार आहे मुलू, काढ कसेबसे, आता तू मोठी झालीस. मोठी! तिलाच म्हणाली, तिनंच मोठी केलेली ती. मग तीन आठवडे काही नाही. मग नेहासे महिन्यात एका सकाळी तेविसावा. चार मिनिटं अकरा सेकंद. मुलू एवढी कधीच बोलायची नाही. एवढं बोलायला माणसाकडे काय असतं? एक तर रडणं, नाहीतर शिव्याशाप. टपरीसमोर रांग होती. संध्याकाळी ऐकू म्हणाली. संध्याकाळी डोकं दुखत होतं. दुसऱ्या दिवशी मुलूचा फोन लागेना, आठवड्यानंतरही लागेना. महिन्यानं तिला पाठवणारा एजंट म्हणाला, ती त्या घरातून निघून गेली, आम्हाला ठाऊक नाही. मग तर ऐकणं अशक्यच झालं. ऐकलं नाही तोवर तेवढं एक राहिलंय मुलूचं, अजून न संपलेलं. आणि ऐकलं की कळेलच, ती अक्काला काय म्हणाली ते. फोन बिघडला तेव्हा तिनं सगळे निरोप लॅपटॉपमध्ये घालून घेतले. बावीस ती दर नव्या वर्षाला, पिवळी फुलं दारात लावून झाली की ऐकायची. तेविसावा कधीच नाही. वाड्यातले लोक तिसऱ्या वर्षापासून मागे लागले, झेनेबेच, रडून घे एकदा, मंडळाचा दुखवट्याचा तंबू घालू, चार माणसं बसतील. ती ताडकन म्हणाली होती, जिवंत माणसाचा तंबू घालतात का? तेव्हापासून कुणी विषय काढला नाही. बिझुनेशचं ते धड रडणं नाही, धड हसणं नाही, ते यावरूनच.

गेताहुनचं दुकान एका इमारतीच्या तळमजल्यावर, कोंदट खोली, भिंतभर उघडी यंत्रं, आतड्यांसारख्या वायरी. पन्नाशीचा, जाडा, कपाळाला दिवा बांधलेला माणूस. तिचा चेहरा बघितला आणि त्याच्या ओठावर आलेली चेष्टा तिथंच जिरली. स्टूल पुढे सरकवला.

"बसा आधी. पाणी देऊ?"

"डिस्क."

त्यानं खण उघडला. जाडसर, हाताच्या पंजात मावेल असा चांदीच्या रंगाचा डबा, त्यावर चिकटपट्टीवर तिचं नाव. एवढासा. बारा वर्षं तळव्याखाली कापत होता तो हा. गेताहुननं तो दोन्ही हातांनी, तान्हं मूल उचलावं तसा उचलला, वायर जोडली आणि तिच्याच लॅपटॉपला लावला. घरघर सुरू झाली. तो आवाज इतका ओळखीचा, की झेनेबेचचा तळवा आपोआप पुढे झाला. मग टक. टक. मग पुन्हा घरघर.

"ऐकलंत ना? आतली सुई चकतीला घासतेय," गेताहुन हलक्या आवाजात म्हणाला, डिस्कला ऐकू जाईल की काय असा. "ताई, स्पष्ट सांगतो, रागावू नका. ही आता फिरतेय ती शेवटची फिरतेय. सगळं काही निघायचं नाही. काय पाहिजे ते एकेक सांगा, सगळ्यात महत्त्वाचं आधी. किती आहे?"

"तेवीस फायली. आवाजाच्या. २००८मध्ये, मु..." ती अडखळली. मग म्हणाली, "मुलूच्या फोल्डरात. बहीण माझी."

नऊ वर्षांत पहिल्यांदा तिनं हे नाव परक्यासमोर घेतलं आणि काहीच झालं नाही, छत कोसळलं नाही. पडद्यावर यादी हळूहळू, एक-एक ओळ करत उतरली, जुन्या चालीनं. तेवीस तारखा. सगळ्या आपल्या तारखा, तिच्या हातच्या.

"पहिली कुठली घेऊ? लवकर सांगा."

टक. टक. एकवीस फायलींत मुलू हसत होती, समुद्र, लसूण, मामा. सगळ्या तिला पाठ होत्या, पण पाठ असणं आणि ऐकणं एक नसतं. आवाज काही पाठ होत नाही. त्यातली एक उचलली तर निदान मुलूचं हसणं घरात राहील. आणि तेविसाव्यात काय आहे कुणास ठाऊक, शापच असतील तर ते जन्मभर उशाशी घेऊन झोपायचं. ती म्हणणार होती पहिली घे, समुद्राची घे. बोट आपोआप यादीच्या तळाशी गेलं. जिभेनं एकदा घात केला होता, निदान हा हात तरी.

"ही. शेवटची."

"नक्की?"

"घे म्हणते ना!"

हिरवी पट्टी सरकायला लागली. थांबली. सरकली. नव्या यंत्राला डोळ्याचं पातं लवायच्या आत करता आलं असतं ते या मरणाऱ्या डब्याला जमेना, आणि त्याच्यासाठी ते नवं यंत्रही थांबून राहिलं. एक मिनिट, दोन, तीन. झेनेबेचला जाणवलं, ही आपली पाच मिनिटं. ती परत आली होती, शेवटची, आणि यावेळी काच वाजवायला कुणी येणार नव्हतं. कोपऱ्यात रेडिओवर फुटबॉलच्या गप्पा चालल्या होत्या, गेताहुननं हात लांब करून तो बंद केला. पट्टी भरली.

"आली! आली ताई. आता वरून घेतो," म्हणत त्यानं समुद्राच्या फाईलवर बोट ठेवलं, आणि डिस्कनं टक केलं, मग टकटकटक, मग एक बारीक शिट्टी, आणि काही नाही. त्यानं वायर काढली, घातली. डबा कानाशी धरला. हलकेच थोपटला. दुसऱ्या वायरीनं बघितलं. कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात त्याचा घाम दिसत होता. शेवटी त्यानं डबा टेबलावर ठेवला आणि दिवा विझवला.

"गेली," तो म्हणाला.

झेनेबेच त्या डब्याकडे बघत बसली. एकवीस वेळचं हसणं त्यात होतं, आणि ते आता कुठंच नव्हतं. एवढं मोठं काही इतक्या छोट्या आवाजात कसं जातं, एका टकमध्ये, हेच तिला समजेना.

"मी जाऊ बाहेर?" गेताहुननं विचारलं. "तुम्ही ऐका निवांत."

"नको. बस इथंच. तूच लाव." तिला एकटीनं ऐकायचं नव्हतं.

फाईल क्षणात उघडली. आधी पाणी. नळाचं पाणी, भांड्यावर पडणारं. भांड्याला भांडं लागल्याचा आवाज. कुणी बोलेना. झेनेबेच पुढे वाकली, आता बोलेल, आता बोलेल. अर्धं मिनिट गेलं, पाणीच. मग मुलूचा आवाज आला, दुरून, कापडातून यावा तसा, आणि तो तिच्याशी बोलतच नव्हता. 'थांब गं बाई, तुझी पाळी नंतर.' मग गुणगुणणं, सूर नसलेलं. मग पुन्हा पाणी. गेताहुननं तिच्याकडे बघितलं, समजून चुकल्यासारखं. फोन खिशात राहून गेला होता. खिशातच कुठलंसं बटण दाबलं गेलं होतं आणि मुलूला पत्ताच नव्हता. चार मिनिटं अकरा सेकंद कुणी कुणाला काही सांगितलंच नव्हतं. ना रडणं, ना शाप, ना अक्का. नऊ वर्षं रोज सकाळी ती ज्याला घाबरली ती ही भांडी होती. एका पोरीनं भांडी घासली, एवढंच, आणि ते ऐकायला तिनं समुद्र दिला.

तिसऱ्या मिनिटाला दार उघडल्याचा आवाज आला. चपला. एक बाई, अरबीत, मोठ्यानं, कुणा पाहुणीला दाखवत असल्यासारखी काहीतरी विचारत होती. पाणी थांबलं. मुलूनं उत्तर दिलं, एकच शब्द, पाठ केलेला, शाळेत हजेरी द्यावी तसा. आणि त्याच्या मागोमाग, खिशाच्या कापडातून स्पष्ट ऐकू आलं, नाकातून, फुस्सकन. बायका काहीतरी बोलून हसल्या. दार लागलं. पाणी पुन्हा सुरू झालं, आणि ते फाईल संपेपर्यंत चाललं.

बाहेर मिनीबसवाल्यांच्या हाका चालू होत्या.

"ती बाई काय विचारत होती?" गेताहुननं शेवटी हळू आवाजात विचारलं. "तुम्हाला येतं ना अरबी, कागदांपुरतं?"

"वय विचारलं."

"मग? काय म्हणाली मुलू?"

पडद्यावर फाईल संपून थांबली होती. मुलू म्हणाली होती चोवीस. झेनेबेचनं बावीस वर्षांत दुसऱ्याच्या तोंडचा एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता, एक तो १९९१ सोडून. तिनं हिशेब केला, जो त्या दुपारी करायचा राहून गेला होता, साल घेतलं, सात मिळवले, महिना बघितला.

"सतरा," ती म्हणाली. "सतरा म्हणाली ती."

"सतरा?" गेताहुन खुर्चीत सरळ झाला. त्याला स्वतःला दोन मुली होत्या. "अहो, काय सांगताय! एवढ्याशा पोरीला सोडलं कसं? तिचा कागद केला तरी कुणी?"

"मी केला," झेनेबेच म्हणाली. "शिक्का माझा आहे त्याच्यावर."